दोन आत, एक बाहेर

पाखराला मोजता येत नाही, असं माझी भाची म्हणायची. आमचा सगळा बेत त्यावरच उभा होता.

बस डेपोच्या मागच्या कुंपणाशी एक झुडूप आहे. त्यात वटवट्या नावाच्या पाखराचं घरटं, मुठीएवढं. आत चार दिवसांची तीन पिल्लं, अंगावर पीस नाही. पिल्लाला अळी भरवतानाचा फोटो भाचीला अगदी जवळून हवा होता. तो संध्याकाळी सहाच्या आत पोचला, तर पाखरांच्या एका पुस्तकाचं काम तिला मिळणार होतं. दोन वर्षं ती दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढत होती. "हनुवटी वर, हनुवटी खाली. दिवसभर एवढंच बोलते गं मी, मावशी."

मी त्याच डेपोत एकतीस वर्षं बसच्या सीटांची कव्हरं शिवली. त्याच जुन्या कापडातून मी तिला लपण शिवून दिलं. एक माणूस बसेल एवढा तंबू, पुढे कॅमेऱ्यापुरतं भोक. पाखराला सवय व्हावी म्हणून रोज दोन-दोन पावलं पुढे सरकवायचं ठरलं होतं. आज घाईत तिने ते एकदम आठ पावलं सरकवलं.

"अति घाई संकटात नेई," मी म्हटलं. डेपोच्या भिंतीवर ते लिहिलेलंच आहे.

"ते ड्रायव्हरांसाठी आहे. आता ऐक. दोघींनी आत जायचं, तू एकटीने बाहेर पडायचं. त्याला वाटतं, सगळी गेली. मागे वळून बघायचं नाही, खोकायचं नाही."

"श्वास घेऊ का?"

"घे, पण हळू."

मी बाहेर पडले आणि गेटापाशी टायरांच्या ढिगाआड बसले. पण बसवेना. उठले, पुन्हा बसले, पदराचं टोक पिळत राहिले. पाखरू कुंपणाच्या तारेवर आलं. चोचीत हिरवी अळी, शेपूट सारखी वरखाली. घरट्यावरच्या फांदीवर उतरलं, लपणाकडे बघितलं, परत तारेवर. असं पाच वेळा. मग ती अळी त्याने स्वतःच गिळली.

थोड्या वेळाने त्याने दुसरी अळी आणली. तीही गिळली. ऊन सरकत झुडपावर आलं होतं. भाचीला आतून तार दिसत नव्हती, नुसती फांदी आणि घरटं. सांगावं तर पोरीचा फोटो जातो, न सांगावं तर पिल्लं. इकडे आड, तिकडे विहीर.

"काय काकू, अजून ड्युटी संपली नाही वाटतं?" जाता जाता मेकॅनिक म्हणाला. मी उठले आणि सरळ लपणाकडे चालू लागले.

"अगं, का आलीस? आत्ता येत होतं ते!"

"येत नव्हतं. दोन अळ्या स्वतःच खाल्ल्या त्याने."

"काहीतरीच! हे बघ, केवढं जवळ आलेलं."

तिने कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. फांदीवर पाखरू, चोचीत अळी, अळीवरचे केससुद्धा दिसत होते. भाचीने स्क्रीनवर पाखराचा डोळा मोठा केला, आणखी मोठा. आणि तिचा हात थांबला. त्या काळ्या मण्यात आमचा तंबू होता, आणि तंबूत एक गोल भोक.

तिने घड्याळ बघितलं. "अजून तास आहे, मावशी..." झुडपातून बारीकशी चीं आली. मग तीही थांबली.

पहिला खुंटा तिनेच उपटला.

आम्ही कापड दोघींत धरून, मुद्दाम दिसू असं, गेटापर्यंत चालत गेलो. टायरांशी पोचल्यावर दोघींनीही मागे बघितलं. पाखरू तारेवर होतं, अळी घेऊन. एकदा शेपूट हलवली आणि थेट झुडपात शिरलं. बाहेर आलं तेव्हा चोच रिकामी होती. भाचीने कॅमेरा उचललाच नाही.

आम्ही टायरांशीच बसून राहिलो. सहाला तिने पुस्तकवाल्यांना फोन केला. "भरवतानाचा नाहीये. एकच आहे, त्यात ते माझ्याकडे बघतंय. पाठवू?" बराच वेळ ऐकत राहिली. चपलेने एक खडा पुढे ढकलत होती, मागे ओढत होती.

"काय म्हणाले?"

"पाठवा, बघून उद्या कळवतो म्हणाले." तिने फोन खिशात टाकला आणि लगेच पुन्हा बाहेर काढला. "किती फेऱ्या झाल्या गं त्याच्या?"

"बारा."

"अकरा!"

"बारा. तू फोनवर होतीस तेव्हाची एक."

घर येईपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.