पुढच्या चाकांचं डांबर

दामाजीच्या नाकावर राग होता आणि बुडाखाली जीप. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला खाली उतरायची गरज वाटेनाशी होते. कोपरच्या खाडीकाठी कोळ्यांची जी काही घरं उरली होती, त्यांतल्या कुणाच्याही दारात तो गेला तरी जीपमध्ये बसूनच हाक मारायचा. बायकोला, सगुणाला, शिव्याही तिथूनच घालायचा. सगुणा ऐकून घ्यायची. ती ऐकून घेते म्हणजे तिला राग येतच नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि त्यात नवरा पहिला.

जीप जुनी होती, लष्कराच्या लिलावातली, कल्याणच्या एका दलालाकडून आणलेली. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक आखूड दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही ओढायला लागतात, गाडी फोर-व्हील होते, हे दामाजीनं अख्ख्या वस्तीला इतक्या वेळा सांगितलं होतं की म्हाताऱ्यासुद्धा तो दांडा ओळखायच्या.

त्याचा धाकटा भाऊ गोमाजी खोपटला राहायचा आणि ठाण्याहून भाडी मारायचा. त्याची गाडी नवी, लांबलचक, दिसायला जीपच्या वरताण, पण इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची दोन नुसती वळायला. हे कळल्यापासून दामाजी तिला गाडी म्हणेना.

"हातगाडी कुठं लावलीस रे?" तो भावाला दारातच विचारायचा.

"दादा, रस्त्यावर दोन चाकं पुरतात," गोमाजी हसून म्हणायचा. "डिझेल पन कमी खाते."

तिसरी एक गाडी होती ती खाडीकाठ भरून जमीन करणाऱ्या बिल्डरची, विलायतेहून आलेली. तिला आखूड दांडाच नव्हता. तिची चारही चाकं कायम ओढायची, चालवणाऱ्यानं काही करायचंच नाही. असली चिखलातून हत्तीसारखी निघणारी गाडी बिल्डर चिखलात कधी घालत नसे. बांधावर उभी करून, काच खाली करून खाडीकडे बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी मातीचे ट्रक यायचे. दामाजीला त्या गाडीचाही राग होता. दांडा नाही तर माणसानं करायचं काय, हे त्याचं म्हणणं.

सगुणाला यांतल्या एकाही गाडीचं कौतुक नव्हतं. तिचा जीव होडीत होता. होडी तिच्या बापाची, विश्रामची. त्यानं ती स्वतः उभं राहून बांधून घेतली होती आणि बायकोचं नाव दिलं होतं, हौसा. त्याला मुलगा नव्हता. मरताना त्यानं होडी सगुणाच्या हातात दिली, जावयाच्या नाही. घरात शिजायचं ते या होडीवर. जीप पेट्रोल प्यायची आणि रुबाब द्यायची.

दर वर्षी पावसाच्या तोंडावर, अमावास्येच्या उधाणाला, हौसा काठाशी आणायची, पाणी भरलेलं असतानाच जीपला बांधून ओंडक्यांवरून वर ओढायची, मग वाळली की तिला डांबर लावायचं. डब्यात उरलेलं डांबर पुढच्या वर्षाला ठेवायचं नसतं. ते नांगराला, दाराच्या बिजागऱ्यांना, जिथं म्हणून लोखंडाला खारं पाणी खातं तिथं लावून संपवायचं, आणि ते काम घरच्या बाईचं. तीन वर्षांमागे नांगराचा एक कोपरा राहिला आणि गंजला, तेव्हा दामाजीनं तिला साऱ्या वस्तीदेखत फाडून खाल्लं होतं.

"दिसल त्या लोखंडाला डांबर लाव. डोकं चालवू नको."

त्या वर्षी जीपच्या पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या खुंट्यांवरही गंज दिसत होता. हातात ब्रश घेऊन तिनं विचारलंही होतं, "या चाकाच्या खुंट्यांना पन?"

"एकदा सांगितला ना," तो जीपमधूनच म्हणाला होता.

तिनं चांगले दोन हात मारले. पुढची दोन्ही वर्षंही मारले.

त्र्याण्णव साली होडी वर घ्यायची नेहमीची जागा गेली. शिंपल्यांची ती टणक उतरण बिल्डरनं मातीखाली गाडली आणि वर पत्र्याचं कुंपण घातलं. उरली ती बांध आणि पाणी यांच्यामधली चिखलाची पट्टी. सगुणा महिनाभर सांगत होती की बिल्डरशी भांडा, निदान होड्या चढेपर्यंत वाट मोकळी ठेवायला लावा.

"फोर-व्हील हाय आपली," दामाजी म्हणाला. "चिखल काय नि दगड काय."

तिच्या जिवाला घोर लागला. या उधाणाला होडी वर आली नाही तर पुढच्या उधाणापर्यंत पाऊस लागणार, उल्हास नदी फुगून खाडीत उतरणार. आदल्या वर्षी शेजारच्या जनाबाईची होडी अशीच खाली राहिली. पुरानं नेली आणि हाती लागलं ते एक वल्हं. जनाबाई आता रोज डोंबिवलीत जाऊन लोकांची भांडी घासत होती.

अमावास्येच्या दुपारी पाणी चढलं. वस्तीच्या पुरुषांनी हौसाला काठाशी आणून नाक बांधाकडे केलं आणि ओंडके टाकले. दामाजीनं जीप चिखलात उतरवली, दोर बांधून घेतला, आखूड दांडा सगळ्यांना दिसेल असा मागं ओढला आणि रेस केली.

होडी हातभर हलली. मग जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि चिखल उडून पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे रंगले. दामाजीनं आणखी रेस केली. जीपचं बूड खाली बसलं.

मग शिव्या सुरू झाल्या. बिल्डरला झाल्या, दलालाला झाल्या, ओंडके धरणाऱ्यांना झाल्या. तो दांडा पुढं-मागं करून हिसडत होता आणि प्रत्येक हिसड्याला जीप खोल जात होती. पाणी थांबलं होतं. थोड्या वेळात ते उतरायला लागणार हे सगुणाला दिसत होतं.

तेवढ्यात गोमाजी आला. दर वर्षी होडीला हात लावायला तो यायचाच. गाडी बांधावरच्या मुरमाच्या रस्त्यावर उभी करून तो चिखलातून जीपपाशी गेला आणि पुढच्या चाकाकडे वाकून बघत राहिला.

"दादा, पुढची चाकं फिरतच नाय. खुंट्या लॉक केल्यास ना?"

"दांडा टाकलाय. दिसत नाय?"

"नुसता दांडा नाय चालत. खाली उतरून दोनी चाकांच्या या खुंट्या फिरवायला लागतात. तवा चाक इंजिनाला जोडतं." गोमाजीनं खुंटीला हात घातला. ती हलली नाही. नखानं खरवडलं तर काळं निघालं. "डांबर कोनी लावला याला?"

सगळ्यांच्या माना सगुणाकडे वळल्या. दामाजीला तर घबाडच मिळालं.

"हिनी," तो ओरडला. "हिनी वाट लावली माझ्या गाडीची. अक्कल नाय त्या बाईला, जल्माची..."

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांची सगळी आग होती ती. पण ती तोंड उघडायच्या आधी तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख आली. साडीचा काष्टा खोचून ती चिखलात उतरली, पुढच्या चाकापाशी वाकली आणि त्या खुंटीवरून बोट फिरवलं. डांबराचा थर गुळगुळीत होता. एक चीर नव्हती कुठं.

"तीन वर्सं मी याला डांबर लावते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमीच सांगितलात, दिसल त्या लोखंडाला लाव. मी विचारला पन होता. बरं, मना अक्कल नाय. पन तीन वर्सांत एकदा जरी तुमी उतरून याला हात लावला असता, तं हा डांबर फुटला असता. एका वर्साला पन फुटलेला नाय दिसला. तुमची फोर-व्हील तीन वर्सं दोन चाकांवरच चालली. तुमी उतरलातच नाय."

कुणी हसलं नाही, आणि ते दामाजीला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"दोर लांब हाय माझ्याकडं," गोमाजी हळूच म्हणाला. "रस्त्यावरून ओढू या का?"

"हातगाडीनी?" दामाजी गरजला. "माझ्या होडीला तुझी हातगाडी लागायची नाय. मी काढतो. सरका सगले."

"होडी माझ्या बापाची हाय," सगुणा म्हणाली.

तिनं जीपच्या मागं बांधलेली गाठ स्वतः सोडली. जीपच्या दारावर ठेवलेल्या दामाजीच्या कोपराखालूनच दोराचं टोक पुढं बांधाकडे ओढून नेलं आणि ते गोमाजीच्या हातात दिलं. दोराला दोर जोडला, बांधावरच्या गाडीपर्यंत पोचवला. गोमाजीनं जोर दिला तशी त्याची मागची चाकं मुरमावर घासायला लागली.

"मागं वजन पायजे, वयनी. जोर मागच्याच चाकांना हाय."

सगुणानं बायकांना हाक मारली. जनाबाई सगळ्यांत आधी चढली. मग मासळीच्या टोपल्या डोक्यावरून कल्याणपर्यंत वाहिलेल्या वस्तीतल्या सगळ्या भरभक्कम बायका मागच्या बाकांवर कोंबून बसल्या. गाडी मागून चांगली दबली. गोमाजीनं हळूहळू क्लच सोडला. दोर ताणला, चाकांनी मुरूम धरला आणि हौसा ओंडक्यांवरून कुरकुरत निघाली. पुरुष दोन्ही अंगांनी रेटत होते. सगुणा होडीच्या नाकाला खांदा लावून होती आणि रडत होती, रागानं की सुटकेनं ते तिलाही कळत नव्हतं. बांधावर कोरड्या जमिनीला होडी टेकली तेव्हा खाडीचं पाणी उतरायला लागलेलं होतं.

जीप तिथंच होती. दामाजीही आतच होता, दांड्यावर हात ठेवून. एकेक जण त्याच्याकडे न बघता हात-पाय धुवायला गेला. रात्री उधाणाचं पाणी पुन्हा येणार आणि इंजिनात शिरणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गोमाजी दोर सोडायला लागला.

"सगुने," दामाजीनं हाक मारली. आवाज बराच खाली आला होता. "त्याला सांग, दोर इकडं टाक म्हनावं."

सगुणा घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात रॉकेलची बाटली होती आणि दुसऱ्या हातात मासळी कापायचा कोयता. दोन्ही तिनं जीपच्या बोनेटवर ठेवली.

"दोर नाय. गाडी फोर-व्हील हाय ना? तं उतरा."

बांधावर बायका अजून गाडीतच बसल्या होत्या आणि एकही उतरत नव्हती. शेवटी दामाजीनं पाय बाहेर काढला. पोटऱ्यांपर्यंत चिखलात गेला. चाकापाशी गुडघे टेकून त्यानं रॉकेल ओतलं, कोयत्यानं डांबर खरवडलं, आणि बऱ्याच वेळानं दोन्ही हातांनी ती खुंटी फिरवली. मग कपडे झटकत तो उठला आणि आत बसायला वळला.

"तिकडची पन," सगुणा म्हणाली.