बिनहाडाचा हॅम

"ए वेंडेल, चाकाला तेल घातलंस का? मागच्या वेळी म्हातारीच्या कवळीसारखं कडकडत होतं."

"कडकडायलाच पाहिजे ते," वेंडेल म्हणाला. "त्याशिवाय लोकांना वाटतच नाही, नशीब फिरतंय म्हणून."

डेलोरिस हसली आणि टेबलावर बेकनची पाकिटं रचायला लागली. दोघंही लॅकवुडच्या विमानतळावर तपासणीच्या कामाला. दिवसभर लोकांना बूट काढा, पट्टा काढा, हात वर करा म्हणायचं, आणि वर शिव्या खायच्या. रविवारी दुपारी मात्र सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरात वेंडेल कुबियाक म्हणजे राजा. इथली मांसाची सोडत त्याच्याशिवाय होत नसे. लोकांनी डॉलर-डॉलरला नंबराच्या लाकडी पाट्या घ्यायच्या, वेंडेलनं चाक फिरवायचं, ज्याचा नंबर लागेल त्यानं बेकन, सॉसेज, कोंबडी, जे त्या फेरीला असेल ते बगलेत मारून जायचं. मधल्या वेळात वेंडेल माइकवरून एकेकाची टोपी उडवायचा. फादरचीसुद्धा.

ही सोडत ठरली होती सरकार बंद होतं तेव्हा, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी पगार थांबले होते तेव्हा. बिनपगारी राबणाऱ्या विमानतळवाल्यांसाठी. पण या आठवड्यात सरकार उघडलं.

"मग रद्द करायची का?" फादरनी विचारलं होतं.

"फादर, सरकार उघडलं म्हणून डुकरं जिवंत होणार आहेत का? माल आलाय," वेंडेल म्हणाला होता.

म्हणून मग सोडत. पण आज वेंडेलचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्याची नजर सारखी तिसऱ्या टेबलाकडे जात होती. तिथे निळ्या स्वेटरमध्ये त्याची थोरली बहीण रोझॅन बसली होती, हात मांडीवर दडवून.

दोघांचं घर एकच. वर वेंडेल, खाली रोझॅन, आणि तिच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्याच हातची झालर ओढत चर्चमध्ये शिरल्या. पण तिला संधिवात. असा तसा नाही, बोटं मुळासारखी वाकडी करणारा. महिन्याला एक इंजेक्शन मिळालं की बोटं सुई धरायची, चुकलं की चमचासुद्धा धरत नसत. महिना संपत आला की बोटं आखडायचीच, आणि पुढचं इंजेक्शन परवा होतं. आणि ते इंजेक्शन मिळायचं विम्यातून, आणि विम्याचा हप्ता परवडायचा तो सरकारी मदतीमुळे. ती मदत आता वर्षाअखेर बंद होणार होती.

भांडण पेटलं होतं ते त्यावरूनच. विरोधी बाकावरचे म्हणाले, मदत चालू ठेवा, नाहीतर खर्चाला आमची मतं नाहीत. सत्तेवरचे म्हणाले, नका देऊ. झालं, सरकारला टाळं. आणि मधल्या मध्ये वेंडेल, डेलोरिस आणि सगळी तपासणीवाली मंडळी फुकटात लोकांचे बूट बघत बसली.

वेंडेलला त्याचं काही वाटलं नाही. उलट गडी खुशीत. "अरे, पहिल्यांदा कोणीतरी आपल्यासाठी पाय रोवून उभं राहिलंय!" विश्रांतीच्या खोलीत तो सगळ्यांना सांगायचा. कोणी आजारपणाची रजा टाकायचं म्हणालं की त्याच्या मागे लागायचा. "थोडी कळ काढा रे. ते तिकडे टिकलेत, आपण इकडे टिकू."

डेलोरिस म्हणायची, "तुला बोलायला काय जातंय? तुझी गाडी कोपऱ्यावरून येते. माझी चाळीस मैलांवरून येते, आणि ती भाषणावर चालत नाही."

"मी सोडतो तुला."

"आणि तुझ्या गाडीत पेट्रोल कोण घालणार, तुझी मिशी?"

पण ती यायची. वेंडेलच्या शब्दाखातर यायची.

आणि वेंडेल कोणाच्या शब्दावर? तर सिनेटर ऑर्डवेच्या. त्यांचा सिनेटर, विरोधी बाकावरचा, पांढरेशुभ्र केस, आवाज असा की थडग्यातला माणूस उठून मत देईल. दर सोमवारी त्याच लहानशा विमानतळावरून राजधानीला जायचा. एका सोमवारी तो यंत्रातून बाहेर आला. पट्टा अजून ट्रेमध्ये, एका हातानं विजार सावरलेली, दुसरा हात वेंडेलच्या खांद्यावर.

"तुम्हा लोकांचे फार हाल होतायत," ऑर्डवे म्हणाला.

"आमचं सोडा, साहेब. तुम्ही तेवढं हटू नका. माझ्या बहिणीचं औषध त्यावर आहे."

"नाव काय तिचं?"

"रोझॅन."

"रोझॅनला सांग, मी एक इंचही हलणार नाही."

वेंडेल ते वाक्य गावभर सांगत, तरंगत घरी आला. नेमकं त्याच आठवड्यात रोझॅनला काउंटीच्या वृद्धाश्रमातून बोलावणं आलेलं. फोनवर बसायचं काम, पगार जेमतेम, पण विमा त्यांचा. फक्त दुकान बंद करावं लागणार होतं.

"जाऊ का रे?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का? चाळीस वर्षांचं दुकान मोडणार? त्यानं तुझं नाव घेऊन सांगितलंय, रोझी. नाव घेऊन!"

"पट्टा घातला होता का त्यानं तेव्हा?"

"का?"

"नाही, विजार धरून दिलेलं वचन म्हणून विचारलं."

दोघं पोट धरून हसले होते. आणि दुसऱ्या दिवशी तिनं वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. ती जागा लगेच भरली.

मग ती बातमी आली. विश्रांतीच्या खोलीत टीव्ही चालू होता. विरोधी बाकावरचे मूठभर लोक उठून पलीकडे गेले, सरकार उघडायला मतं देऊन आले. बदल्यात काय मिळालं? विम्याच्या मदतीवर पुढे कधीतरी मतदान घेऊ, एवढं तोंडी आश्वासन. त्या मूठभरांत पांढरे केस लांबूनसुद्धा ओळखू आले.

खोलीत टाळ्या पडल्या. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. डेलोरिस तर रडलीच.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" वेंडेल ओरडला. "एवढे दिवस आपण उपाशी राहिलो ते कशासाठी? पदरात काय पडलं? धोंडा!"

"पगार पडला, वेंडेल," डेलोरिस डोळे पुसत म्हणाली. "मी दमले होते रे. खरंच दमले होते. तुझ्या बहिणीचं वाईट वाटतं मला. पण मी हसले तर मला शिव्या देऊ नकोस."

 पगार वेंडेलचाही सुटला होता. बहिणीची बोटं गेली आणि भावाचा पगार आला, असा तो सौदा. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण खिशात पैसे त्याच्याही पडणार होते.

रोझॅन त्या दिवशी एवढंच म्हणाली, "जाऊ दे. डिसेंबरपर्यंतची इंजेक्शनं आहेत." आणि मग शिवायला घेतलेला एका नवरीचा झगा घडी करून परत पाठवला. लग्न एप्रिलमध्ये होतं.

तर अशा वेळी, सोडत सुरू व्हायच्या तोंडावर, तळघराच्या जिन्यावर बूट वाजले. पुढे कॅमेरावाला, मागे मदतनीस पोरगी, आणि मध्ये साक्षात ऑर्डवे. सरकार उघडल्याची शाबासकी घ्यायला गावोगाव फिरत होता. हॉलमध्ये अर्ध्या टाळ्या, अर्धी कुजबुज.

डेलोरिस वेंडेलच्या कानाशी आली. "काही वेडंवाकडं करू नकोस हं."

"मी? मी तर चर्चमध्ये आहे."

"म्हणूनच सांगतेय."

ऑर्डवेनं सगळ्यांसारखी एक पाटी विकत घेतली. सतरा नंबर. वेंडेलनं तो बघितला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

आता एक गुपित. ते चाक वेंडेलच्या बापानं बनवलेलं. चाकाच्या चौकटीच्या मागच्या पायावर बुटाचं टोक दाबलं की चाक किंचित कलायचं आणि हवं तिथे थांबायचं. बापानं ही विद्या एकाच कामाला वापरली, पोराला शिकवली तीही एकाच कामाला. एखादी नुकती विधवा झालेली, एखादा गिरणीतून काढलेला, त्याचा नंबर लागायचा. तो माणूस मान ताठ ठेवून बेकन घेऊन जायचा, कारण ती भीक नव्हती, नशीब होतं. हॉलमधल्या जुन्या लोकांना ते ठाऊक होतं, फादरना ठाऊक होतं. कोणी कधी बोललं नाही.

"पुढची फेरी!" वेंडेल माइकवर गरजला. "आजचा सगळ्यात मोठा माल! हा हॅम बघा. जाळीत बांधलेला, गुबगुबीत, गुलाबी, आणि आत शोधून हाड सापडणार नाही!"

चाक फिरलं. कडकड कडकड. वेंडेलचा बूट हळूच मागे सरकला. पंधरा... सोळा... नंबर दाखवणारी चामड्याची जीभ थबकली.

"सतरा!"

ऑर्डवे हसत हसत पुढे आला. वेंडेलनं हॅम दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला आणि माइक तोंडाशी आणला.

"सिनेटरसाहेब, टेबलावर हाडाचा माल पुष्कळ होता. पण नशीब बघा कसं माणूस ओळखतं! ज्याच्या पाठीत कणा नाही, त्याला बरोबर बिनहाडाचा मिळाला!"

 मग हॉल फुटला. लोकांनी टेबलं बडवली, बियरचे ग्लास आपटले, मागून कोणीतरी ओरडलं, "इंचभर हलव त्याला, हलतोय का बघ!" फादर खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळले. डेलोरिसनं तोंडावर हात धरला होता, पण खांदे गदगदत होते. वेंडेलच्या छातीत कितीतरी दिवसांनी हवा शिरली.

आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? ऑर्डवे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वेंडेलच्या पाठीवर थाप मारली आणि अगदी अलगद, लहान पोराच्या हातातून खुळखुळा काढावा तसा माइक काढून घेतला.

"हा टोला कमावलाय मी," तो म्हणाला. लोक पुन्हा हसले, पण आता त्याच्या बाजूनं. "मित्रांनो, हा हॅम मी घरी कसा नेऊ? ज्यांनी बिनपगारी दिवस काढले, त्यांच्या घरी जायला हवा तो. वेंडेल, तुझ्या घरचं कोणी आहे का इथे?"

"नाही," वेंडेल झटकन म्हणाला.

पण गावाला रोझॅन प्यारी होती. चार टेबलांवरून बोटं उठली. "ती काय, त्याची बहीण! निळा स्वेटर! उठ गं रोझॅन!"

कॅमेरा वळला. ऑर्डवे टेबलांमधून वाट काढत गेला. रोझॅन उभी राहिली, न राहून करते काय? त्यानं हॅम पुढे केला. तिची बोटं जाळीवर वळेनात. मग तिनं दोन्ही कोपर जवळ आणले आणि तान्हं मूल घ्यावं तसा तो हातांवर घेतला.

"नाव काय तुमचं?" ऑर्डवेनं विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "रोझॅन."

"सुंदर नाव!"

"ते मतदान होणार म्हणतात, विम्याचं," ती हळूच म्हणाली. "होईल ना?"

"आम्ही सगळी ताकद लावून लढणार आहोत."

"लढाल हो. पण आता हातात काय ठेवलंय तुम्ही, लढायला?"

माइक तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात, खाली होता. ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानं तिच्या खांद्याभोवती हात टाकला, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्यांच्या रोझॅनला हॅम मिळाला होता. रोझॅनचे हात अडकलेले, म्हणून ती नुसती उभी राहिली.

चाकापाशी वेंडेलचा बूट अजून त्या मागच्या पायावर होता. पुढची फेरी कोणी फिरवली, त्याला आठवत नाही. बहुतेक डेलोरिसनं.

सोडत संपल्यावर तो गाडी दारापर्यंत घेऊन आला. उजेड होता अजून, पण बर्फाळ, राखेसारखा. रोझॅन कशीबशी बसली, हॅम मांडीवर.

"मागे टाक ना तो," वेंडेल म्हणाला. "नाहीतर मी फेकतोच त्याला तळ्यात."

"अन्न आहे ते. गाढवासारखं बोलू नकोस."

 काचेवर बर्फाची भुरभुर.

"पाय होता ना तुझा?" तिनं विचारलं.

"होता."

"बाबांनी कानफटात ठेवून दिली असती."

"माहितेय."

"नवरा गेल्यावर मिसेस ग्राबोव्स्कीला बेकन मिळालं तेव्हा ती मान ताठ ठेवून जिना चढली होती," रोझॅन म्हणाली. मांडीवरचा हॅम तिनं कोपरानं नीट सरकवला. मग म्हणाली, "तो पट्टा लाव मला. आज अडकवता येत नाहीये."

वेंडेल वाकला. पट्टा ओढून तिच्यावरून, हॅमवरून घेतला आणि खटकन अडकवला. जन्मभर लोकांना पट्टे काढा म्हणणारा माणूस, त्याला तेवढं एक काम जमलं.

गाडी निघाली. रोझॅननं दोन्ही तळवे हॅमवर पसरून ठेवले. चर्चच्या शीतपेटीतला होता, दगडासारखा गार. तिनं डोळे मिटले.

"घरी नको नेऊस लगेच," ती म्हणाली. "लांबच्या रस्त्यानं चल. गार आहे तोवर बरं वाटतंय बोटांना."