हसू ओसरलं की दिवा बंद

“लोक हसले की दिवा लाव, हसू ओसरलं की बंद कर,” वॉल्टर पिंकनीने रंगमंचाच्या कडेला, आपल्या पायाशी लपवलेला लहानसा लाल दिवा दाखवत इंग्रजीत समजावलं. “माझे दोन्ही कान गेलेत. तो विझला की मी पुढचं वाक्य टाकणार.”

“येस सर,” जोकिम म्हणाला.

वसईचा जोकिम दुबईतल्या एका हॉटेलात स्टेजची लाइट सांभाळायचा. सत्त्याण्णव सालच्या त्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या शोसाठी आलेला हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अमेरिकन नट त्याला व्हिडिओ कॅसेटींमुळे चांगला ठाऊक होता. खाटकाचा मुलगा. चौदाव्या वर्षी जत्रेतल्या तंबूत उभा राहिला, लढाईत सैनिकांना हसवलं, मग रेडिओ, मग अकरा वर्षं टीव्ही. सिनेमात कायम नायकाचा मित्र. पोस्टरवर त्याचं नाव खालीच राहिलं, पण तो पडद्यावर आला की लोक सावरून बसायचे.

पिंकनी कपडे बदलायला गेला तसे कार्यक्रमाचे आयोजक सूर्यकांत जवळ आले. “जोकिम, ऐक. कुणी हसो, न हसो, तू दिवा लावत राहा. म्हातारा खूश, आपला शो ओके, खलास.”

जोकिम दिव्याच्या बटणापाशी जाऊन बसला.

पहिला अर्धा तास झकास गेला. मग पिंकनीने आपला गाजलेला, दूधवाल्याचा किस्सा काढला. अमेरिकेत त्यावर लोक खुर्चीतून पडायचे. इथे कुणीतरी खोकलं, एवढंच. पिंकनी थांबला. त्याची नजर पायाशी गेली.

“लाव ना,” सूर्यकांत मागून कुजबुजले.

जोकिमचं बोट बटणावर होतं. त्याने ते उचलून घेतलं.

पिंकनीने क्षणभर त्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, “या किश्श्यावर मी अमेरिकेत घर बांधलं. इथे असतो तर अजमानमध्ये खोलीसुद्धा मिळाली नसती.”

सभागृह फुटलं. दुबईचं भाडं परवडत नाही म्हणून अर्धे लोक तर शेजारच्या स्वस्त अजमानमध्येच राहत होते. दुपारी जेवताना म्हाताऱ्याने ‘तू राहतोस कुठे, तिथेच का,’ हे इतकं खोदून का विचारलं, ते जोकिमला आता कळलं. दिवा लावून तो स्वतःही हसत सुटला.

शो संपल्यावर सूर्यकांत माफी मागायला आत आले. “सॉरी सर, दूधवाल्याच्या वेळी ह्याने—”

पिंकनीने ओठांकडे बघून अर्थ लावला आणि हात वर केला. “बाकीच्या गावांत दिवा विझतच नाही. सगळे माझ्यावर दया करतात.” मग त्याने जोकिमला शेजारी बसवून घेतलं.

खिशातून वही काढून त्याने चाळीस वर्षं सांगितलेल्या त्या किश्श्यावर पेन्सिलीने रेघ मारली. खाली कापऱ्या अक्षरांत नवं वाक्य लिहायला घेतलं आणि मध्येच थांबून, शाळेतल्या पोरासारखं, ‘अजमान’चं स्पेलिंग विचारलं.