वळणावरचा चमत्कार

आमच्या कावोपेत्राचा इतिहास वाचायचा असेल तर गाडी हळू चालवावी लागते, आणि हळू गाडी चालवणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मलेला नाही. म्हणून तर इतिहास एवढा लांबलचक झालाय. समुद्राकडच्या रस्त्यावर जिथे जिथे कोणी कठडा तोडून खाली गेला, तिथे तिथे खांबावर एक घुमटी आहे. आत संताची तसबीर, तेलाचा दिवा, काडेपेटी. मेलेल्याची घुमटी घरचे बांधतात, ती पत्र्याची. वाचलेला स्वतःच बांधतो, ती मोठी.

सगळ्यात मोठी थ्रासोसची. संगमरवरी, वर घुमट, चारही बाजूंना काचा. गावातलं मोठं हॉटेल त्याचं, त्यामुळे संतालाही चांगली खोली मिळाली.

तरुणपणी हा थ्रासोस जत्रेतून ढोसून निघाला आणि आता ती घुमटी आहे त्याच वळणावर त्यानं खांद्यावर जाळं घेऊन घरी चाललेल्या अनार्गिरोस कोळ्याला उडवलं. गाडी उतारावर पाइनच्या झाडाला अडकली, थ्रासोसला साधं खरचटलंही नाही. अनार्गिरोस खडकांवर सापडला. पाय घसरून पडला असेल, असं पोलीस म्हणाले. पाय घसरला असेल, असं गावही म्हणालं, कारण अर्धं गाव थ्रासोसच्या बापाकडे कामाला होतं. माझा बापही होता. अनार्गिरोसची बायको स्तामातीया नवऱ्याचं चाळिसाव्या दिवसाचं उरकून घुमटीची जागा बघायला गेली, तर तिथे थ्रासोसचे गवंडी आधीच काम करत होते.

तेव्हापासून दर शनिवारी ती त्याच घुमटीत तेल घालते. दुसरं करणार काय? नवरा तिथेच गेला ना! आणि थ्रासोस हॉटेलातल्या पाहुण्यांना सांगतो, "बघा, म्हाताऱ्या बायकांची सुद्धा माझ्या संतावर किती श्रद्धा!"

यंदा नगरपालिकेला इतिहासाचा पुळका आला. प्रत्येक घुमटीशेजारी पाटी लावून पर्यटकांना गोष्ट सांगायची ठरली. स्तामातीया महापौर फोतिसकडे गेली. मी बेकरी बंद करून सोबत गेले.

"एकच ओळ घाल बाबा," ती म्हणाली. "नाव आणि इथे गेला, एवढंच."

"मावशी, लोक सुट्टीवर येतात," फोतिस म्हणाला. "त्यांना चमत्कार आवडतो. मेलेला माणूस दाखवून त्यांचं जेवण कशाला कडू करायचं?"

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "गहू निवडून देशील?"

अनावरणाला सगळे जमले. पाटी चकचकीत: संत निकोलाओसांनी इथे श्री. थ्रासोस यांचे प्राण वाचवले. तेवढ्यात स्तामातीया ताट घेऊन आली. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखर. आमच्याकडे हे गहू दोनदा होतात, संताच्या सणाला आणि मेलेल्याच्या नावाने. दिसायला अगदी सारखेच. मेलेल्याचे असले तर घेणाऱ्यानं त्याचं नाव घेऊन "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं. आणि एकदा हातात घेतले की टाकता येत नाहीत. एवढा उद्धटपणा आमच्यात खुनीसुद्धा करत नाही.

थ्रासोसला वाटलं, संताचेच. सत्कारमूर्ती ना! त्यानं पहिली मूठ भरली आणि तोंडात टाकली.

बाहेरगावाहून आलेल्या पाद्रीबाबांनीही मूठ भरली आणि सवयीनं विचारलं, "बाई, कोणाच्या नावाचे?"

"यालाच विचारा," स्तामातीया म्हणाली. "इथे कोण मेलं ते याच्याइतकं कोणालाच माहीत नाही."

सगळं गाव एकदम समुद्राकडे बघायला लागलं, जणू तो कालच आला होता. मला मात्र थ्रासोसचं तोंडच बघायचं होतं, आणि मी ते पोटभर बघितलं. घास गिळवेना, थुंकताही येईना.

"सांगा ना," पाद्रीबाबा म्हणाले. बिचाऱ्यांच्या मुठीतले गहू तसेच होते.

"अनार्गिरोस," थ्रासोस पुटपुटला. "देव त्याला क्षमा करो."

"त्याचं देव बघेल," स्तामातीया म्हणाली. "तू पाटीवर लिही."

मग पाद्रीबाबांनी नाव घेतलं आणि खाल्लं. मग मी. मग एकेक करत सगळ्यांनी ताटाला हात लावला, फोतिसनंसुद्धा. आता सगळ्यांसमोर नाव घेतल्यावर नाही कसं म्हणणार? पंधरवड्यात पाटीवर ओळ आली: अनार्गिरोस, कोळी, श्री. थ्रासोस यांच्याच गाडीच्या धडकेनं इथे वारला. फोतिसनं ती अगदी तळाशी घातली, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत, म्हणजे कोणाच्या नजरेत भरू नये.

पहिला वाचायला आला तो थ्रासोसच. आधी वाकून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं. शेवटी रस्त्यातच गुडघे टेकून बसला, तेव्हा कुठे त्याला ती ओळ वाचता आली.