पांढऱ्या फुलातला जांभळा रंगारी

मित्रांनो, मी जांभळ्या रंगाचा एक जुना रंगारी आहे. शास्त्रज्ञ मला जनुक म्हणतात. एका कुंडीतल्या झाडाच्या प्रत्येक पेशीत माझे घर आहे. मी स्वतः काही रंगवत नाही. मी फक्त चिठ्ठी लिहितो. पेशीतले कामकरी ती वाचतात आणि पाकळ्या जांभळ्या होतात.

आमच्या काचघरात एक संशोधक बाई काम करत. त्यांना आणखी गडद फूल हवे होते, म्हणून त्यांनी हुबेहूब माझ्यासारखा दुसरा जनुक आणून माझ्या पेशीत बसवला. मला भाऊ मिळाला! मला तर आभाळ ठेंगणे झाले. आम्ही दोघे भराभर चिठ्ठ्या लिहू लागलो.

पण करायला गेलो एक आणि झाले भलतेच. चिठ्ठ्यांच्या गर्दीत काही चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून दुहेरी झाल्या. आता पेशीत एक पहारेकरी असतो. घुसखोर विषाणूंच्या चिठ्ठ्या पुष्कळदा दुहेरी असतात, म्हणून तशी चिठ्ठी दिसली की तो तिचे बारीक तुकडे करतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. त्यातला एक तुकडा हाती धरून तो त्याच्याशी जुळणारी प्रत्येक चिठ्ठी शोधून फाडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! आमची एकही चिठ्ठी पोचेना. फुले उमलली ती पांढरीफटक.

"बियांची अदलाबदल केलीत तुम्ही," बाईंचे साहेब म्हणाले.

"नाही सर, लेबलं मी स्वतः लावलीत. जनुक आत आहे."

"मग रंग कुठंय? दाखवा ना!"

बाईंना रंग दाखवता येईना. सगळ्या पांढऱ्या कुंड्या भट्टीत टाकायचा हुकूम सुटला. मोसम संपला की बाईंनी टेबल रिकामे करावे, असेही ठरले. मी आतून जीव तोडून चिठ्ठ्या लिहीत होतो. त्यातली एक जरी पोचली असती, तरी बाई खऱ्या ठरल्या असत्या.

काचघरातल्या माळीकाकांना एक खोड होती. झाड टाकण्याआधी ते त्याची एक फांदी तोडून पाण्याच्या टाकीमागच्या कुंडीत खोचत. "टाकायच्या आधी झाडाला एकदा विचारून घ्यावं," असे ते म्हणत. बाकीची झाडे भट्टीत गेली, मी त्या फांदीत उरलो. टाकीमागे कोणी फिरकत नसे. भाऊ शेजारी होता, पण तोही माझ्यासारखाच मुका. फुले आली, पांढरीच आली, गळून पडली. त्या दिवसांत मला फार एकटे वाटले.

मग एका डहाळीत पहारेकऱ्याची पकड सैल झाली. का, ते मलाही ठाऊक नाही. माझी एक चिठ्ठी पोचली, मग दुसरी. एका पांढऱ्या पाकळीवर जांभळा पट्टा उमटला.

बाई तेव्हा पुस्तके खोक्यात भरत होत्या. माळीकाका हाका मारतच आले. "बाई, आधी इकडे या! तुमचं झाड काय म्हणतंय बघा."

बाई ओल्या फरशीवरच बसल्या. "होतास ना आत?" एवढेच म्हणाल्या आणि रडू लागल्या. साहेब आले, चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "ते खोकं परत उघडा."

ही बातमी ऐकून समोरच्या खोलीत बुरशीवर प्रयोग करणारे संशोधक पुढे आले. नारिंगी बुरशी अधिक नारिंगी करायला जाऊन त्यांचीही पांढरी पडली होती, पण लाजेने ते मूग गिळून बसले होते. पुढे वरच्या मजल्यावर प्रयोगासाठी पाळलेल्या इवल्याशा कृमींतही तसाच पहारेकरी सापडला. घरोघरी मातीच्या चुली!

मित्रांनो, तो पट्टा तिसऱ्या दिवशी कोमेजला. त्या डहाळीवर पुन्हा पांढरीच फुले येतात आणि मी पुन्हा एकटा आहे. पहारेकऱ्यावर माझा राग नाही, तो घर राखतो. तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या वर्गातही कोणी गप्प बसलेले असेल. त्याच्यात काही नाहीच असे ठरवून मोकळे होऊ नका, माळीकाकांसारखे एकदा विचारा. बाई रोज सकाळी टाकीमागे येऊन मला विचारतात. मी रोज उत्तर लिहितो. ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, तरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.