क्लीटची न हरणारी नस

ओरिन टास्करचं पत्र एप्रिलपासून माझ्या खणात पडून होतं. ‘माझा प्रत्येक चेंडू तुम्ही वहीत टिपलात. मी खरंच इतका वाईट होतो का? माझी नेल शाळेच्या संघात चेंडू फेकते. लोक तिला हरणाऱ्याची पोर म्हणतात. ती आता खेळच सोडायचं म्हणते आहे.’ मी उत्तर लिहिलं नाही. सामन्यांचे आकडे टिपणाऱ्याच्या मताला कोण विचारतो, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

ऑगस्टच्या जत्रेत क्लीट बार्लोपुढे रांग लागली. ओरिनला संघातून काढल्यावर त्याच्या जागी आलेला, पहिल्याच वर्षी वीस सामने जिंकलेला हा आमचा बेसबॉलचा देव. आया पोरांना पुढे ढकलत होत्या आणि पोरं त्याचं डावं मनगट चाचपत होती.

“दाब, दाब! या नसेला हरणं ठाऊकच नाही!” क्लीट गरजला. “ओरिनकडे ही नस नव्हती. गेला बिचारा एकोणीस सामने हरून!”

लोक खदखदून हसले. जुन्या नोंदवह्या मी काखेत धरूनच आलो होतो. रांगेतून वाट काढत पुढे गेलो आणि विचारलं, “क्लीट, सामन्याला तू सरासरी किती धावा द्यायचास?”

“कुणाला आठवतंय, आजोबा?”

“चार. ओरिनही चारच.”

“मग मी जिंकलो कसा? जादूनं?”

“तू आलास त्याच हिवाळ्यात मालकानं सहा महागडे फटकेबाज आणले. तुझ्यासाठी ते सामन्याला सात धावा काढायचे. ओरिनच्या वाट्याला आल्या दोन. शिवाय तुझे तीन सामने वाऱ्यानं वाचवले. समोरच्या संघाने मारलेले, कुंपणापार जाणारे चेंडू आतच पडले. इथं लिहिलंय सगळं.”

“वही वाचून कुणी जिंकत नाही, म्हातारबा!”

“खरंय. नस दाबूनही नाही.”

बेकरीवाली हॅटी पुढे आली. “बघू ती वही.” तिनं दोन पानं वाचली आणि मुलाचा दंड धरला. “चल रे. तासभर उन्हात उभं केलं मेल्यानं!”

तिच्यामागून पाचसहा जण गेले. बाकीची रांग हलली नाही. नाही तर नाही.

आमची रीतच खुळी. खेळतात नऊ जण, पण जय-पराजय चेंडू फेकणाऱ्या एकट्याच्या नावावर चढवतात. चाळीस वर्षं तो चढवणारा मीच होतो. म्हणून मलाच सांगायला हवं: कुणाला देव्हाऱ्यात बसवण्याआधी, कुणाला हिणवण्याआधी, त्याच्या पाठीशी कोण उभं होतं ते मोजा.

घरी येऊन दोन्ही वर्षांची पानं उतरवून काढली. वर लिहिलं: ‘ओरिन, तू वाईट नव्हतास. नेलला ही पानं दाखव आणि खेळू दे. उशीर झाला, चूक माझी.’

तिकीट लावलं, कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.