हेरंबची चावी

मेकॅनिक विक्रमसिंहने गाडीच्या स्टिअरिंगखालचा जळका डबा उपसून काढला, नवा बसवला, त्याला लॅपटॉपची वायर जोडली आणि हात पुढे केला.

"द्या काका, चाव्या. घरात असतील तेवढ्या सगळ्या."

जयवंतरावांनी एकच चावी त्याच्या हातावर ठेवली.

"अने बीजी? दुसरी कुठाय?"

"ती मुलाकडे आहे. पुण्याला."

"मग ती गेली समजा. दार उघडेल, पण गाडी नाही चालू व्हायची. चोरी होऊ नये म्हणून हा डबा आज दाखवू त्याच चाव्या ओळखणार."

बाकावर बसलेल्या निरुपमाबाईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली. चावी पुण्याला नव्हतीच, त्या पर्समध्येच होती. दोन वर्षांपूर्वी बापलेकांची जुंपली, तेव्हा हेरंबने ती आईच्या हातात कोंबली होती. "नको मला त्यांची गाडी!" जयवंतरावांना मात्र वाटलं, पोरगा चावी घेऊन गेला. आणि गंमत बघा, त्यातच स्वारी खूश! अख्ख्या सोसायटीत सांगत सुटले, "भांडला, पण चावी सोडली नाही पठ्ठ्याने. येईल बघा." आता त्या आनंदावर विरजण कोणी घालायचं? बाई गप्प राहिल्या. गप्प राहिलं म्हणजे खोटं बोललं असं होत नाही, असं आपलं माणसाला वाटतं.

आज मात्र सांगून टाकायचं ठरवूनच त्या फतेगंजला गॅरेजवर आल्या होत्या. पर्सची चेन त्यांनी उघडलीही, तेवढ्यात जयवंतरावांनी मोबाईल काढला.

"थांब रे. त्यालाच सांगतो, कुरियरने पाठवेल."

दोन वर्षांतला पहिला फोन! बाईंचा हात जागीच थांबला. हेरंब खरं काय ते बोलून जाईल, हे त्यांना कळत होतं. जाऊ दे बोलून. एकमेकांचा आवाज तरी ऐकतील मेले.

"हॅलो, हेरंब? मी... बाबा बोलतोय. अरे, त्या गाडीची चावी..."

पुढचं ते नुसतं ऐकत राहिले. मग उठून गाडीच्या पलीकडे गेले. तरी ऐकू येत होतंच.

"नाही रे, घरात कुठे सापडत नाही. तूच ये ना. रविवारी?... बरं, दिवाळीला?... बरं. असू दे. ठेवतो."

परत आले ते विक्रमसिंहकडे बघूनच म्हणाले, "एकच चावी घाल त्यात."

निरुपमाबाईंना राहवेना. त्यांनी चावी काढून पुढे धरली.

"अहो, ही माझ्याकडेच होती. चुकलंच माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

जयवंतरावांनी चावीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांगितलं त्याने आत्ता."

"मग सापडत नाही म्हणालात ते?"

"म्हटलं, शोधायला तरी येईल."